वाचकांचे प्रश्न : नी जड जाते तेव्हा

प्रश्न : काका, आमच्याकडे एक जुनं व्हर्टिकल मिलिंग मशीन आहे. वर्षभर झाकून ठेवलं होतं. आता चालू केलं तर टेबल वर घेताना हँडलवर दोन्ही हात लावून अंगाचा भार टाकावा लागतो. खाली आणताना उलटंच होतं. हँडल फिरतं, नी (टेबल पेलणारा, वर-खाली सरकणारा भाग) जागची हलत नाही आणि मग एकदम धप्‌ करून मिलिमीटरभर खाली बसते. मधूनमधून कर्रकर्र आवाजही येतो. एका मेकॅनिकने बघून सांगितलं, आतले बेव्हल गिअर (काटकोनात फिरवणारे, शंकूसारखे गिअर) गेलेत, दोन्ही नवे बसवा. गिअर उघडायचेच का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : गिअर अजून उघडू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही मध्येच लिहून गेला आहात : हँडल फिरतं, नी जागची हलत नाही, मग धप्‌ करून बसते. गिअरचे दात झिजले असतील तर हँडल जड जाईल, आवाज येईल, पण झिजलेला गिअर नीला अधांतरी धरून ठेवू शकत नाही. स्क्रू खाली गेला तरी नी वर राहिली, याचा अर्थ तिला कॉलमने, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबाने धरलं आहे. म्हणजे दोष स्लाइडमध्ये, नी कॉलमवर जिथे सरकते तिथे आहे, निदान पहिला दोष तरी.

हे नीट कळायला वजनाचा रस्ता डोक्यात पक्का करा. तुम्ही हँडल फिरवता तेव्हा आडवा शाफ्ट फिरतो. त्याच्या टोकाचा लहान बेव्हल गिअर उभ्या स्क्रूच्या डोक्यावरच्या मोठ्या बेव्हलला फिरवतो. स्क्रू खाली बेसवर पक्क्या बसवलेल्या नटात फिरतो, म्हणून तो वर-खाली सरकतो. नीचं, टेबलाखालच्या सॅडलचं, टेबलाचं आणि वर बांधलेल्या व्हाइसचं सगळं वजन थ्रस्ट बेअरिंगवर (उभा दाब पेलणारं बॉलचं बेअरिंग), तिथून स्क्रूच्या खांद्यावर, तिथून नटाच्या आट्यांवर आणि शेवटी बेसवर उतरतं. गिअर या रस्त्यात येतच नाहीत, ते फक्त फिरवतात. कॉलमची डोव्हटेल (तिरक्या कडांची) स्लाइडही वजन घेत नाही, ती नीला सरळ रेषेत ठेवते. त्या स्लाइडने वजन धरायला सुरुवात केली की तुम्ही लिहिलंय तसंच होतं.

तेव्हा पहिलं काम : नीच्या खाली, स्क्रूच्या दोन्ही बाजूंना, कठीण लाकडाचे दोन सारख्या उंचीचे ठोकळे उभे करा. नी आणि ठोकळा यांच्यात बोटभर फट असली तरी चालेल. आज काहीही खोलायचं नसलं तरी ठोकळे हवेत, कारण स्लाइड सैल केल्यावर काय सुटेल ते आपल्याला अजून माहीत नाही.

दुसरं, नीचा क्लँप बघा. हसू नका, क्लँप अर्धवट आवळलेला असताना गिअरबॉक्स खोलून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. क्लँपचा लिव्हर सैल दिसतो, पण आतला प्लग बिडाला चिकटलेला असतो. लिव्हर काढून प्लग हाताने हलतो का ते बघा.

तिसरं, वायपर काढा. स्लाइडच्या टोकांना पत्र्याच्या पट्टीखाली जो फेल्टचा किंवा रबराचा तुकडा असतो, तो. वर्षभर बंद असलेल्या मशीनमध्ये त्याच्या मागे जुन्या तेलात कालवलेला लोखंडाचा कीस दगडासारखा बसलेला सापडतो. तेल वाळलं की त्याचा चिकट, तपकिरी थर होतो, आणि तो थरच स्लाइडला पकडतो. रॉकेल आणि कुंचल्याने सैल करा, चिंधीने पुसा. हवेच्या नळीने मात्र फुंकू नका, कीस थेट नी आणि कॉलमच्या मधल्या फटीत जातो.

आता गिब. ही एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी बिडाची पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. सैल करायची तर जाड टोकाकडचा स्क्रू मागे घ्यायचा आणि पातळ टोकाकडून ढकलायचं. घट्ट करायची तर उलट. किती फेरे मागे घेतले ते खडूने कॉलमवरच लिहून ठेवा. दोन फेरे सैल करून हँडल फिरवून बघा. माझा अंदाज आहे की तुमची नी इथेच सुटेल. सुटली तर स्लाइडला व्हीजी ६८ दर्जाचं (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) स्लाइडवे तेल भरपूर द्या आणि नी पूर्ण वरपासून खालपर्यंत दहा वेळा फिरवा. काळं तेल निघत राहील, पुसत राहा, स्वच्छ तेल येईपर्यंत. स्लाइडला ग्रीस लावायचा मोह आवरा. ग्रीस कीस धरून ठेवतं आणि तेलाच्या बारीक नळ्यांत शिरलं की त्या नळ्या पुन्हा उघडणं फार जिकिरीचं होतं.

गिब परत बसवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. कॉलम सगळीकडे सारखा झिजत नाही. रोजचं काम ज्या उंचीवर होतं तिथे स्लाइड जास्त झिजते, अगदी खालचा भाग नव्यासारखा राहतो. तुम्ही मधल्या उंचीवर गिब छान आवळली, की नी खाली नेताना ती अडकणार. म्हणून आधी नी वरपासून खालपर्यंत फिरवून सगळ्यात जड जागा शोधा आणि गिब त्या जागेवर जुळवा. मधल्या उंचीवर ती थोडी सैल लागेल. ते सोसा. कापताना तिथे क्लँप आवळायचा असतो. झीज गिबने भरून काढता येत नाही, त्यासाठी स्लाइड स्क्रेप करावी, म्हणजे खरवडून सपाट करावी लागते, आणि ते वेगळं, महिनाभराचं काम आहे.

एवढं करूनही वर घेताना जड असेल तर मोजमाप घ्या. हाताला काय वाटतं त्यावर विश्वास ठेवू नका, हात थकला की सगळंच जड वाटतं. हँडलच्या मुठीला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवा, हँडलशी काटकोनात ओढा आणि नी सरकत असतानाचा आकडा वाचा. एक उदाहरण करून दाखवतो. वरचं सगळं वजन ३०० किलो, स्क्रू ३० मिमीचा, पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) ६ मिमी, गिअरचं प्रमाण २:१ (हँडलचे दोन फेरे, स्क्रूचा एक), हँडलची लांबी १५० मिमी. वंगण ठीक असेल तर नुसत्या स्क्रूसाठी मुठीवर सुमारे ३ किलोचा जोर लागतो. गिअर, बेअरिंग आणि स्लाइडचं घर्षण धरा, ५-६ किलो. खाली येताना याच्या निम्म्याहूनही कमी, कारण वजन मदत करतं. आता थ्रस्ट बेअरिंगचे बॉल अडकले आणि दोन चकत्या कोरड्याच एकमेकींवर घासू लागल्या, तर तेवढ्यानेच मुठीवर आणखी ३ किलो वाढतात. म्हणजे स्क्रूला लागतो तेवढाच जोर पुन्हा एकदा. तुमचं मशीन लहान-मोठं असेल तर आकडे बदलतील, पण १५ किलो दिसले तर काहीतरी नक्की अडलं आहे.

आवाजासाठी फेरे मोजा. हँडलच्या डायलवर खडूची खूण करा. हँडलच्या दर फेऱ्याला एकाच जागी खट्‌ होत असेल तर दोष आडव्या शाफ्टमध्ये किंवा लहान गिअरमध्ये आहे. २:१ च्या मशीनमध्ये दर दुसऱ्या फेऱ्याला होत असेल तर मोठ्या गिअरचा एखादा दात गेलाय किंवा स्क्रू वाकलाय. वाकलेल्या स्क्रूची आणखी एक खूण म्हणजे त्याचा त्रास नी खाली येते तसा वाढतो, कारण नट आणि बेअरिंग जवळ येतात आणि स्क्रूला लवायला जागा उरत नाही. ठरावीक लय नसून सतत खरखर असेल, तर थ्रस्ट बेअरिंग.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं, स्लाइड साफ केल्यावर बेअरिंगचा प्रश्न उरेल. वर्षभर एकाच जागी वजन घेऊन उभ्या असलेल्या बेअरिंगमध्ये ओलावा शिरला असेल तर चकतीवर प्रत्येक बॉलच्या खाली गंजाचा एकेक खड्डा पडतो.

ते काढायचं असेल तर आधी नी चांगली वर घ्या. मग स्क्रूला नंतर खाली उतरायला जागा मिळते. त्या उंचीचे ठोकळे लावा आणि हँडलने नी हळूहळू ठोकळ्यांवर टेकवा. एका क्षणी हँडल एकदम हलकं होतं. तो क्षण हाताने ओळखा, वजन ठोकळ्यांवर गेलं. त्यानंतरच हँडल, डायल आणि पुढचं बेअरिंग हाउसिंग खोलून आडवा शाफ्ट पुढे ओढायचा.

इथे मी थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून आठवते. मी शिकाऊ होतो. ज्या कारखान्यात होतो तिथे घाई होती, आणि वरिष्ठ म्हणाले, नी क्लँप केली आहे, ठोकळे कशाला. मी मोठ्या गिअरचा चेकनट (गिअर सैल होऊ न देणारा नट) सोडत होतो. स्क्रूला धक्के बसत होते, तेलकट कॉलमवर क्लँप सरकला आणि नी तळहाताच्या रुंदीएवढी खाली आली. माझा हात त्याच क्षणी पाना बदलायला बाहेर होता. क्लँप नीला कापताना हलू देत नाही, एवढंच त्याचं काम. तो वजन पेलण्यासाठी केलेला नाही. हायड्रॉलिक जॅकवरही भरवसा नको, तो सीलमधून गळत खाली बसतो. लाकूड किंवा लोखंडाचा भरीव ठोकळा, दुसरं काही नाही.

शाफ्ट निघाल्यावर आतून मोठा गिअर दिसतो. काढण्याआधी दोन्ही गिअरच्या एकमेकांत बसणाऱ्या दातांवर सेंटर पंचने खूण करा. खाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतील तर त्या कुठल्या बाजूच्या ते लिहून ठेवा, गिअरचा खेळ, म्हणजे दातांमधली सैल जागा, त्यांच्यावर ठरतो. गिअर आणि चावी (गिअरला स्क्रूवर घसरू न देणारी खुंटी) निघाली की बहुतेक मशीनमध्ये स्क्रू त्याच्याच नटातून फिरवत खाली घेता येतो आणि बेअरिंग हाताशी येतं. जुन्यावरचा नंबर पुसला असेल तर माप घ्या. ३० मिमी भोक, ४७ मिमी बाहेरचा व्यास, ११ मिमी जाडी असेल तर त्याचा नंबर ५११०६. नवं बसवताना दोन चकत्या नीट बघा, त्या दिसायला सारख्या असतात पण सारख्या नसतात. एकीचं भोक स्क्रूवर बरोबर बसतं, दुसरीचं किंचित मोठं असतं. घट्ट भोकाची चकती फिरणाऱ्या बाजूला, म्हणजे स्क्रूच्या खांद्यावर. मोठ्या भोकाची स्थिर बाजूला, नीच्या बिडाला टेकलेली. उलटी बसवली तर मोठी चकती स्क्रूवर घसरत फिरते, घट्ट चकती बिडाला घासते आणि नवं बेअरिंग बसवूनही जडपणा तसाच राहतो. बेअरिंगला लिथियम ग्रीस, स्क्रूला तेल.

आणि गिअर? तोवर ते तुमच्या हातात आलेले असतील. दात तुटलेला नसेल, टोकं सुरीसारखी झालेली नसतील, तर पुसून परत बसवा. जुन्या गिअरचे दात वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेले असतात, ती जोडी विनाकारण फोडू नये.

प्रश्न : नीखाली पहार लावून उचललं की नी ०.६ मिमी वर येते. नट बदलावा की स्क्रूही बदलावा लागेल? अशा अवस्थेत मशीन वापरणं धोक्याचं आहे का?

उत्तर : आधी हा ०.६ मिमी कोणाचा आहे ते ठरवा. दोन डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन) लावा. पहिला कॉलमवर चुंबकाने बसवून त्याचं टोक नीला. दुसरा नीच्या खालच्या बाजूला बसवून त्याचं टोक स्क्रूच्या खांद्याला. पहारीने हळूच उचला. दुसरा गेज जितका फिरला तितका खेळ बेअरिंग आणि चेकनटचा, तो बहुधा शिमने किंवा चेकनटने मिटतो. उरलेला नटाचा. मी एका मशीनवर नट बदलायला गेलो आणि ०.५ मिमीतला ०.४ सैल झालेल्या चेकनटचा निघाला. नट अजून तसाच चालू आहे.

खेळ नटाचाच असेल तर हिशोब असा. ट्रॅपेझॉइडल आट्याची पिच ६ मिमी असेल तर नव्या नटात मध्यरेषेवर आट्याची जाडी सुमारे ३ मिमी असते. ०.६ मिमी झीज म्हणजे पाचवा भाग गेला, तोही नट आणि स्क्रू दोघांचा मिळून. लगेच नी पडेल अशी ही स्थिती नाही. मी एक तृतीयांश झीज दिसली की नट बदलतो, त्याआधी नाही आणि त्यानंतर एक दिवसही थांबत नाही. नटाचे आटे तुटले तर नी काही न सांगता खाली येते. बेसवर नटाच्या भोवती तेलात सोनेरी चकाकी दिसू लागली तर ती ब्राँझची भुकटी आहे. रोज पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा किती जमते त्यावर लक्ष ठेवा.

मधल्या काळात मापाची काळजी फारशी नको. नीच्या वजनामुळे आट्याची एकच बाजू कायम टेकलेली असते, म्हणून आडव्या स्क्रूसारखा इथे खेळ मापात उतरत नाही. अट एवढीच की मापावर नेहमी खालून वर या. जास्त वर गेलं तर अर्धा फेरा खाली उतरा आणि पुन्हा वर घ्या.

स्क्रूचं असं. त्याच्या आट्यांची जाडी वरच्या टोकाला, मध्ये आणि खाली गिअर टूथ कॅलिपरने मोजा. टोकाशी आणि मध्ये ०.१ मिमीपर्यंत फरक असेल तर नुसता नट बदला. ०.३ मिमी असेल तर नव्या नटाला निर्णय घ्यावा लागेल : मध्ये नीट बसवला तर टोकाला अडकणार, टोकाला बसवला तर मध्ये सैल. तिथे दोन्ही बदला. नट करून घेताना पिच एका आट्यावर मोजू नका, दहा आट्यांवर मोजून दहाने भागा. आट्याचा कोन २९ अंशांचा ॲक्मे आहे की ३० अंशांचा मेट्रिक ट्रॅपेझॉइडल, ते गेजने बघा. एका अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण एका इंचात पूर्ण संख्येने आटे बसत असतील तर जवळजवळ नक्कीच ॲक्मे. आणि आटे उजवे की डावे, हे टर्नरला तोंडी सांगू नका, जुना नटच त्याच्या हातात द्या. धातू फॉस्फर ब्राँझ. पितळ नको, ते या वजनाखाली लवकर झिजतं.

प्रश्न : नी वर घेताना हँडल खट्‌ करून दात सोडतं आणि मोकळं फिरतं. हँडलला वेल्डिंग करून टाकू का?

उत्तर : अजिबात नको. हँडलच्या आणि शाफ्टच्या तोंडावर जे खाचेचे दात असतात त्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. हँडल काढा, दोन्ही बाजूंच्या कडा कानशीने किंवा ग्राइंडरने सरळ, किंवा मुळाकडे अगदी थोड्या आत झुकलेल्या करा. मग जोर लावल्यावर दात बाहेर न सरकता आत ओढले जातात. हँडल वेळेवर सुटावं ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. नीला पॉवर फीड (मोटरने सरकवायची सोय) असेल तर वेल्ड केलेलं हँडल फीडबरोबर फिरेल आणि समोर उभ्या माणसाच्या पोटात किंवा मांडीत बसेल. हँडल आपोआप बाहेर ढकलणारी स्प्रिंग गेली असेल तर तीही याच वेळी बदला.

प्रश्न : खोली ठरवून नी क्लँप केली की माप ०.०५ मिमीने बदलतं. गिब घट्ट केली तरी फरक पडत नाही.

उत्तर : डायल गेज स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) लावा, टोक टेबलावर, आणि क्लँप आवळताना काटा बघा. मग तेच टेबलाच्या अगदी पुढच्या कडेला. पुढच्या कडेला काटा जास्त फिरत असेल तर नी आवळताना मान हलवल्यासारखी झुकते आहे, म्हणजे झीज स्लाइडच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला आहे. गिब अजून आवळून ती जाणार नाही, उलट नी जड होईल. दोन्ही जागी सारखा फिरत असेल तर बहुतेकदा स्लाइडवरच्या जाड तेलाचा आणि किसाचा थर क्लँपखाली दबतो आहे. साफ करून पुन्हा मोजा. ०.०२ मिमीपर्यंत आलं तर जुन्या मशीनसाठी मी ते ठीक मानतो. तोपर्यंत सवय बदला : क्लँप हलका आवळून ठेवा, त्याच अवस्थेत खालून वर मापावर या, मग पूर्ण आवळा आणि डायलवरचा नव्हे, गेजवरचा आकडा वाचा.